वाणाचे भोपळे

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते एका वाळक्या दुधी भोपळ्याचं पोट साफ करायचं. मी ओट्यावर बसून भोपळा दोन्ही गुडघ्यांत दाबून धरला होता आणि बायको त्याच्या बुडाला पाडलेल्या भोकातून चमचा आत घालून खरवडत होती. चमच्याचा दांडा पुरत नव्हता, म्हणून तिने त्याला ठिबकच्या नळीचा तुकडा बांधला होता. वाळलेला गर म्हणजे नुसता भुगा. तो माझ्या नाकात गेला आणि शिंका सुरू झाल्या. शिंक आली की गुडघे सुटायचे, गुडघे सुटले की भोपळा उडायचा. शेवटी तो चमच्यासकट ओट्यावरून घरंगळत गोठ्यात गेला. म्हशीने त्याला हुंगलं आणि तीही शिंकली.

"तुमच्याच खानदानातली दिसते ही," बायको म्हणाली आणि जी हसायला लागली ती थांबेचना. पदर तोंडात कोंबला, भिंतीला टेकली, खाली बसली, तरी हसतेच आहे. मी चिडलो. म्हटलं, "पुरे कर की आता, दात पडतील."

"पडू द्या. त्यालाबी भोक पाडून टांगीन."

रात्री पिठलं-भाकरी खाल्ली, झोपलो. सकाळी ती उठली नाही. डॉक्टर म्हणाला, झोपेतच हृदय बंद पडलं, त्रास झाला नसेल. बरं. यापुढे दुःखाचं मला काही लिहिता येत नाही. तिच्या वेडाचं लिहितो, ते मला पाठ आहे.

आमचा मळा म्हसरूळच्या पुढे, दिंडोरी रस्त्याला. दुधी, कारली, दोडके, बांधाला झेंडू. तोडायचं, क्रेटात भरायचं, टेंपोत घालायचं, हा माझा जन्म. मी चौथी शिकलो, ती सातवी. म्हणजे माझ्यापेक्षा तीन इयत्ता पुढे, आणि हे ती मला एक दिवस विसरू द्यायची नाही. वाद झाला की म्हणायची, "हे पाचवीत येतं, तुम्हाला कुठून कळणार?"

तिला भोकांचं वेड होतं. दुसरा शब्द मला सापडत नाही. कुठल्याही वस्तूला भोक दिसलं की ती वस्तू उचलायची आणि बल्बसमोर धरून सावली कशी पडते ते बघायची. चाळणी धरली, रोवळी धरली, टेबल फॅनची जाळी धरली, इथपर्यंत मी समजू शकतो. पण पोळीला करपून भोक पडलं तरी ती आधी उजेडासमोर धरायची आणि मग माझ्या ताटात वाढायची. मी भुकेला बसलोय आणि ही पोळीतून बल्ब बघतेय. भंगारवाला आमच्या दारात यायला घाबरायचा, कारण इतर घरांत त्याला भंगार मिळायचं आणि आमच्या घरात त्याच्या गाडीवरचं जायचं. "टाकायचं नाही, टांगायचं," हे तिचं तत्त्व. घरात मला मान वर करून चालता यायचं नाही. कुठे द्राक्षाच्या खोक्याचं झुंबर, कुठे विंचूरकडून आणलेल्या रिकाम्या वाइनच्या बाटल्या. बाटल्या कोणी प्यायल्या असं पाहुण्यांनी विचारलं की ती सरळ माझ्याकडे बोट करायची.

एकदा मी अंगातलं बनियन काढून खुंटीला लावलं. जुनं होतं, उंदरांनी खाल्ल्यासारखं. ती त्याच्यासमोर बराच वेळ उभी. मला वाटलं आता नवीन आणते. तर म्हणाली, "हे द्या मला. याची सावली लय भारी पडंल." वेताच्या टोपलीचं कडं काढलं, त्यावर बनियन ताणलं, खळ लावून कडक केलं, आत पिवळा बल्ब सोडला. खरं सांगतो, दिसत होतं चांगलं. दिवाळीत साडूभाऊ जेवायला आले ते नेमके त्याच्याखाली बसले. वर बघून म्हणाले, "वा! डिझाइन मस्त आहे. कुठून आणलं?"

"यांच्या अंगावरून," बायको म्हणाली.

साडूभाऊ पुढची पोळी बाहेर ओट्यावर बसून जेवले.

विजेची तिला भीती नव्हती. ही गोष्ट चांगली नाही, कोणी शिकू नये. वायर जोडताना झटका बसला की बाकीचे लोक ओरडतात, ती हात झटकून म्हणायची, "चला, सप्लाय चालू हाय." आमच्या भागातला वायरमन तिला हात जोडायचा. "काकू, मी तुमच्याकडे विमा काढून येतो," असं तो माझ्या तोंडावर म्हणाला आहे. त्याचं छोटं ड्रिल एकदा आमच्याकडे राहिलं ते राहिलंच. तो मागायला आला की ती त्याला गरम गरम जेवू घालायची, तो ढेकर देऊन निघून जायचा आणि ड्रिलचं त्याला म्हसरूळ गेल्यावर आठवायचं.

आणि ते लाल दिवे. कांद्याच्या गोण्या असतात ना, लाल जाळीच्या, त्यांचे तिने तारेवर ताणून लांबट आकाशकंदील केले आणि रस्त्याकडच्या कुंपणाला ओळीने लावले. नवरात्राचे दिवस. वणीच्या देवीला पायी जाणारे लोक आमच्याच रस्त्याने जातात. तिन्हीसांजेला लाल उजेड बघून एक जथा सरळ आत शिरला. चपला काढल्या, हातपाय धुतले आणि ओट्यावर मांडी घालून बसले. पुढारी म्हातारा मला म्हणाला, "माउली, फराळाची सोय इथेच का?"

मी म्हणणार होतो की हे घर आहे, तेवढ्यात बायको आतून ओरडली, "इथंच! बसा! दहा मिनिटं!" घरातला सगळा साबुदाणा तिने भिजवला तो काय दहा मिनिटांत भिजतो? मग उकडलेली रताळी आली, शेंगदाण्याची आमटी आली, भगर आली. दुसऱ्या दिवशी आणखी लोक आले, कारण पहिल्यांनी फोन करून मागच्यांना सांगितलं होतं की लाल दिव्यांपाशी वळा. नवरात्र संपेपर्यंत मी भगर ढवळत होतो. दसऱ्याला मी ते कंदील उतरवले, तर म्हणाली, "उतरवा, पण नीट ठेवा. पुढच्या वर्षी लोक विचारतील."

आता भोपळ्याचं. बांधावरच्या बाभळीवर दुधीचा एक वेल चढला होता आणि त्यातला एक भोपळा माझ्या नजरेतून सुटला. उन्हाळ्यात पानं झडली तेव्हा तो दिसला. वाळून लाकूड झालेला, हलवला की आत बिया खुळखुळ वाजायच्या. मी म्हटलं, चला, बियाणं झालं. ती म्हणाली, "हात लावू नका." दिवसभर तो काखेत घेऊन फिरली. मग त्यावर पेन्सिलने ठिपक्यांची रांगोळी काढली, जशी अंगणात काढतात तशीच, फक्त गोल पोटावर. आणि एकेका ठिपक्यावर ड्रिल चालवलं. चुलीत तापवलेल्या दाभणाने बारीक भोकं पाडली. वरून जवसाचं तेल चोळलं. आत बल्ब सोडून बटण दाबलं.

मी उभं आयुष्य भोपळे पिकवले. भोपळ्यातून असं काही निघेल हे मला माहीत नव्हतं. भिंतीवर रांगोळी, आढ्यावर रांगोळी, म्हशीच्या पाठीवर रांगोळी. मी आपला तोंड उघडून उभा. बायको माझ्याकडे बघून म्हणाली, "तुमच्या तोंडावर देवी आल्यावानी दिसतंय." एवढ्यावर तिचं समाधान. बाकी तिला कौतुक नको होतं.

त्यानंतर घरात भोपळ्यांची साथ आली. पहिल्या वर्षी तिने कोवळेच आणून वाळत घातले, ते कुजले. असा वास, की शेजारीण विचारायला आली, घरात सगळे जिवंत आहेत ना. मग तिच्या ध्यानात आलं की भोपळा वेलावरच जून व्हावा लागतो, देठ वाळेपर्यंत, नंतर सावलीत दोन-तीन महिने टांगून ठेवावा लागतो. सावली म्हणजे कुठे? आमच्या खाटेच्या वर. एकदा पहाटे सुतळी तुटून एक भोपळा माझ्या छातीवर पडला. मी "चोर! चोर!" म्हणून उठलो. ती उठून आधी भोपळा कुठे चिरला का ते बघायला लागली.

इथे आमचं भांडण सुरू झालं आणि ते शेवटपर्यंत चाललं. भोपळा वेलावर जून होऊ दिला की वेल नवीन फळ धरत नाही. त्याला वाटतं आपलं काम झालं, आता बसायला हरकत नाही. म्हणून मी माल कोवळा असतानाच तोडतो, नख आत गेलं पाहिजे असा. मी तिला बांधावरचे दोन वेल दिले. म्हटलं, "हे तुझे. यांचं काय वाटेल ते कर. मांडवावरच्या वेलांकडे बघायचं नाही." ती "हो" म्हणाली. ती "हो" फार लवकर म्हणाली तिथेच मला कळायला पाहिजे होतं.

ती माझ्या मांडवावरचे भोपळे लपवायला लागली. पानांच्या मागे ढकलायची, वरून पानं पांघरायची. एका भोपळ्यावर तर तिने जुन्या हिरव्या लुगड्याची पट्टी गुंडाळली होती, मला दिसू नये म्हणून. मला दिसला नाहीच, पण तोडणीच्या बाईला दिसला आणि तिने तो तसाच क्रेटात टाकला. मार्केटला गाळ्यावरचा व्यापारी क्रेट उलटा करून बघतो तर हे. सगळ्यांसमोर हातात धरून ओरडला, "ओ आबा, दुधीला लुगडं नेसवलं का? ओटी भरून पाठवू परत?" महिनाभर मला तिकडे सगळे "दुधीचा सासरा" म्हणायचे. घरी येऊन मी बायकोवर आवाज चढवला. ती म्हणाली, "भोपळा परत आणला का?"

आता ज्याच्यासाठी हे सगळं चाललं होतं ते सांगतो. आमच्या एकुलत्या लेकीचं लग्न झालं, नाशिक रोडला दिली. माणसं चांगली, फ्लॅट मोठा, हॉलमध्ये दुकानातून आणलेलं काचेचं झुंबर. आम्ही दोघं पहिल्यांदा दिवाळीला गेलो तेव्हा विहीणबाईंनी झुंबर लावून दाखवलं. बायको खालून बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "याची धूळ कोण पुसतं हो?"

विहीणबाई म्हणाल्या, "सूनबाई पुसते."

बायकोने लेकीकडे बघितलं. लेक चहाचे कप गोळा करायला लागली.

मग विहीणबाईंनी विषय काढला. येत्या उन्हाळ्यात धोंड्याचा महिना. तीन वर्षांनी एकदा येतो, आणि लेकीच्या लग्नानंतरचा पहिला. जावयाला जेवायला बोलवायचं, पुरणाचे धोंडे करायचे, वाण द्यायचं. विहीणबाई म्हणाल्या, "आमचं काही मागणं नाही हं. पण मोठ्या सुनेच्या माहेरून चांदीचं निरांजन आलं होतं, तेहेतीस अनारशांवर ठेवून. बाकी तुमच्या सोयीनं बघा."

मी कपात बघायला लागलो. कप रिकामा होता.

बायको म्हणाली, "विहीणबाई, वाणाला अनारसेच का देतात?"

"पद्धत आहे."

"पद्धत हाय, पण का? त्याला भोकं असतात म्हणून. धोंड्याच्या वाणाला जाळीदार वस्तू लागते. आणि वर दिवा लागतो."

"हो. मग?"

"माझ्या भोपळ्याला भोकंबी हायेत आणि आत दिवाबी हाय. दोन्ही एकात. तेहेतीस देईन."

जावई फिसकन हसला. आईने बघितलं तसं त्याने ते खोकल्यात घातलं.

"भोपळे?" विहीणबाई म्हणाल्या.

"भोपळे."

"धोंड्याच्या वाणाला?"

"शास्त्रात कुठं नाय म्हटलंय ते दाखवा, मी निरांजन आणते."

शास्त्र त्या घरात कोणी वाचलेलं नव्हतं, त्यामुळे विषय तिथे थांबला. बसमध्ये मी तिला म्हटलं, "परीक्षेत मास्तर भोपळा देतात. जावयाला कोणी भोपळा देतं का?" ती खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, "हे पाचवीत येतं."

तिला मजा वाटत होती, पण लेकीला नाही. तिसऱ्या दिवशी लेकीचा फोन आला. स्पीकरवर होता म्हणून मला ऐकू आला. "आई, हसतील गं सगळे. जाऊबाई फोटो काढून ग्रुपवर टाकतील. मला जन्मभर ऐकावं लागेल. मी गुपचूप छोटंसं चांदीचं निरांजन घेऊन ठेवते, तू दिलं असं सांगू."

बायकोने हातातला भोपळा खाली ठेवला. मग म्हणाली, "तुझ्या निरांजनानं तुझ्याच नवऱ्याला वाण? ते माझ्याच्यानं व्हायचं नाय. पण ऐक. तेहेतीसला एक जरी भोपळा कमी पडला, तर तू आण तुझं चांदीचं, मी तोंड उघडणार नाय. आणि पुरे तेहेतीस झाले, तर तू एकच कर. त्या दिवशी संध्याकाळी लाइटच्या बटणापाशी उभी राहा. मी सांगितलं की सगळे लाइट बंद कर. पुढचं माझं मी बघते."

लेक म्हणाली, "आणि हसले तर?"

"अंधारात कोण हसलं ते दिसत नाय."

लेक हसली. बऱ्याच दिवसांनी तिचं असं हसणं ऐकलं. फोन ठेवल्यावर बायको मला म्हणाली, "पोरगी तिथं मान खाली घालून बसते, बघितलं का तुम्ही? माझी पोरगी! बाभळीवर चढून मधाचं पोळं काढायची ती." मी बघितलं होतं. मला बोलून दाखवता आलं नव्हतं.

तेव्हापासून ती तेहेतीसच्या मागे लागली. बांधावरच्या दोन वेलांना मिळून डझनभरही धरले नाहीत. काही किडके निघाले. एक उंदरांनी पोखरला, त्याला ती म्हणाली, "याला भोकं आयती पडली," आणि तोही धरला. शेजारणीकडे भोपळे मागायला गेली, तर ती म्हणाली, "भाजीला ने की कोवळे." हिने कपाळाला हात लावला. मग रोज सकाळी माझ्यामागे. "अहो, मांडवावरचे चार सोडा."

"मार्केटला माल कमी पडतो."

"दोन सोडा."

"वेल बसतो मग."

"लेकीपेक्षा वेल मोठा झाला का?"

"वेल पोटाला घालतो."

"लेक डोळ्याला घालते," ती म्हणायची. याचा अर्थ काय, मला आजही सांगता येणार नाही, पण बोलली की माझं तोंड बंद व्हायचं. तोंड बंद व्हायचं, हात बंद व्हायचे नाहीत. हंगामाचे दिवस होते, मी तोडत राहिलो. ती लपवत राहिली. कोण जिंकतंय ते ती आढ्याकडे बघून मोजायची. शिंका आणणारा तो शेवटचा भोपळा साफ करायला बसलो तोवर निम्मेही झाले नव्हते, आणि पुढे वाळायला लागणारे महिने धरले तर वेलावर राखायची वेळ आता संपतच आली होती. तिने हिशेब करून मला सांगितलंही होतं. मी म्हणालो, "बघू." आमच्याकडे "बघू" म्हणजे "नाही." तिला ते माहीत होतं. तरी हसली एवढी.

ती उठली नाही त्या सकाळी लोक जमले. नाशिक रोडची मंडळी सगळ्यांत आधी पोचली. लेक आईपाशी बसली आणि उठेना. जावई बाहेर लोकांना पाणी देत होता, बनियनच्या दिव्याखालून वाकून जात-येत होता. विहीणबाई माझ्याजवळ आल्या. रडून त्यांचे डोळे सुजले होते. म्हणाल्या, "व्याहीबुवा, धोंड्याचं आता डोक्यातून काढून टाका. आम्हाला निरांजन नको, काही नको. तसलं काही मनाला लावून घेऊ नका." चांगल्या मनाने म्हणाल्या, मला दिसत होतं. मी हात जोडले.

मग मी उठून मळ्याकडे निघालो. कोणीतरी मागे यायला लागलं, त्याला माझ्या भावाने थांबवलं. मळ्याच्या त्या टोकाला तोडणीच्या बाया रोजच्यासारख्या आल्या होत्या. त्यांना अजून कोणी सांगितलं नव्हतं. मी सांगितलं. त्यांनी पाट्या खाली टाकल्या, एक-दोघी रडायला लागल्या. त्यातली मोठी डोळे पुसत म्हणाली, "आबा, आज तोडा बंद ठेवतो."

म्हटलं, "कारली तोडा, दोडके तोडा, टेंपो भरून द्या. दुधीला हात लावू नका."

"दुधी उद्या तोडू मग."

"उद्याबी नाय."

ती मांडवाकडे बघायला लागली. वर माल लटकलेला, सगळा तोडायच्या बेतातला. म्हणाली, "आबा, जून होतील की सगळे. वेल बसतील."

"बसू दे," मी म्हणालो आणि घराकडे वळलो. बायकोला न्यायला लोक माझ्यासाठी खोळंबले होते.